न भिजणारा टॉवेल

आमच्या कारखान्यात संशोधन विभाग सुरू झाला तो एका कुलूपबंद खोलीमुळे.

तेव्हा मी तिथे नव्हते. ही हकीकत मला मालकांनीच पहिल्या भेटीत सांगितली, आणि सांगताना त्यांना जराही संकोच वाटत नव्हता. परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या दुकानांसाठी माल घेणारी एक बाई सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना बघायला आली होती. तिने लूम म्हणजे यंत्रमाग बघितले, कापड रंगवायचं डाईंग बघितलं, कामगारांचे संडाससुद्धा आत डोकावून बघितले. मग विचारलं, "तुमचा आर अँड डी विभाग कुठे आहे?" मालकांना प्रश्न कळला नाही. पण सोबत आलेल्या एजंटाचा चेहरा पडलेला बघून 'नाही' म्हणायची ही वेळ नव्हे एवढं त्यांनी ओळखलं, आणि व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीकडे बोट केलं.

"हे काय, हितंच की. पण साहेब रजेवर हायत. किल्ली त्यांच्याकडं."

खोलीत गणपतीचं मखर आणि तीन पिढ्यांचे मोडके कूलर होते. बाईने दाराचा फोटो काढला आणि पुढच्या खेपेला आतून बघेन म्हणून सांगून गेली.

"तर मॅडम," मालक मला म्हणाले, "ते रजेवर गेलेले साहेब म्हंजे तुमी."

मी तेव्हा एका कॉलेजात कंत्राटी पद्धतीने कापडाचं रसायनशास्त्र शिकवत होते. दर उन्हाळ्यात कंत्राट संपायचं आणि ते पुन्हा मिळेल की नाही याची चिंता करण्यात माझी सुट्टी जायची. आमचं घर शहराच्या पूर्व भागातलं, विणकरांचं. घरात तेलुगू, लहानपण लूमच्या खडखडाटात. मालक मैंदर्गीकडचे, त्यांच्या घरी निम्मं मराठी, निम्मं कानडी. ते शांत असले की मराठीत बोलत आणि भडकले की कानडीत. मला कानडी येत नव्हतं. माझी नोकरी इतकी टिकली त्याचं मोठं श्रेय मी या गोष्टीला देते.

मी रुजू झाले त्या दिवशी पाटी आधीच लागली होती. पेंटरने सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'संशोधन व विलास विभाग'. मी चूक दाखवली तर मालकांनी चष्मा वर करून नीट वाचली. "राहू द्या की," ते म्हणाले. "त्या बाईला कुटं मराठी येतंय?" महिनाभर कामगार दारावरून जाताना आत डोकावून बघत की विलास नक्की कसला चाललाय. आत मी एकटी, प्लास्टिकच्या खुर्चीवर, चार बादल्यांच्या मध्ये.

कारण सामान मिळवणं ही वेगळीच लढाई होती. मालक कंजूस नव्हते. नवा लूम घ्यायचा तर ते दुपारच्या जेवणाआधी निर्णय घेत. पण मी पाण्याचा कस तपासायचं लहानसं यंत्र मागितलं की त्यांना ब्लडप्रेशरची गोळी आठवायची. मला कारण कळेना. शेवटी एकदा त्यांनीच सांगितलं.

"लूम कसा, मॅडम, आवाज करतोय. कायतरी चाललंय असं कळतंय. तुमच्या त्या यंत्राचा आवाज यतोय का?"

"नाही."

"मग कसं कळायचं चालू हाय का बंद?"

मी दुसऱ्या दिवशी जुनं वॉशिंग मशीन मागितलं. तिसऱ्या दिवशी आलं. ते फिरायला लागलं की अख्खी खोली हलायची, खिडकीची तावदानं वाजायची, आणि मालक ऑफिसातून समाधानाने मान डोलवायचे. मग मी एक मोठा पंखा मागितला, तोही आला. शांत यंत्रं मी या आवाज करणाऱ्यांच्या बिलाआड हळूहळू आणवून घेतली.

पण मालकांच्या मनात खरी अडचण निराळीच होती, आणि तिचं घर रस्त्यापलीकडे होतं. समोरचा कारखाना त्यांच्या साडूंचा. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. मोठी आमच्या मालकांची, तिला सगळे काकू म्हणत, धाकटी साडूंची. दोन्ही कारखाने टॉवेलचे. आमच्याकडे निळी पट्टी निघाली की आठवड्याभरात समोर निळी पट्टी निघायची. समोर हत्तीचं डिझाईन आलं की आमच्याकडे हत्ती यायचा, फक्त सोंड दुसऱ्या बाजूला.

"तुमी शोधणार," मालक म्हणाले, "खर्च मी करणार, आन् टॉवेल विकणार आमचे साडूभाऊ. ह्यात माझं काय?"

कॉलेजात मी मुलांना संशोधनाचे फायदे फळ्यावर लिहून द्यायचे, पण त्यात साडू कुठेच नव्हता.

तरी काम सुरू झालं. मी ठरवलं, लवकर वाळणारा टॉवेल करायचा. ही कल्पना सांगितली तेव्हा मालक माझ्याकडे दयेने बघत राहिले. सोलापुरात एप्रिलमध्ये टॉवेल दोरीवर टाकून वळेपर्यंत पापडासारखा होतो. त्यांना ही काही अडचण आहे हेच पटेना. मी म्हटलं, त्या बाईच्या देशात थंडी असते, दमट असतं, लोक टॉवेल घरातच वाळत घालतात.

"घरात? आन् ऊन?"

"ऊन नसतंच."

"अरेरे," मालक म्हणाले, आणि निव्वळ कणव येऊन त्यांनी मंजुरी दिली.

टॉवेलच्या अंगावर जे बारीक फासे असतात ते मी आखूड करून घेतले, सुतात थोडं पॉलिस्टर मिसळलं, विणकाम सैल केलं. दोन महिने मी आणि वॉशिंग मशीन. टॉवेल भिजवायचा, पिळायचा, वजन करायचं, पंख्यापुढे टांगायचा, पुन्हा वजन करायचं. हळूहळू जमायला लागलं. टॉवेल पाणीही बरं पीत होता आणि नेहमीच्यापेक्षा लवकर वाळतही होता. मी खूश झाले. मालकांनी तो हातात घेतला, कुरवाळला, आणि नाक मुरडलं.

"हाताला गोड लागत न्हाय. दुकानात गिऱ्हाईक आदी दाबून बघतंय. ह्याला सॉफ्टनर द्या. डबल द्या."

सॉफ्टनर म्हणजे कापड मऊ करणारं रसायन. ते जास्त झालं तर काय होतं हे मी त्यांना सांगायला लागले, पण तोवर ते टॉवेल काखेत मारून डाईंगकडे निघाले होते. संध्याकाळी परत आले ते टॉवेल लोण्यासारखे. एक पाण्यात बुचकळून पंख्यापुढे टांगला तर बघता बघता कोरडा! मालक टाळी वाजवून हसले, सगळ्या स्टाफला भजी मागवली. मला मात्र कुठेतरी खटकत होतं. इतका लवकर? सकाळी नीट तपासू असं मी ठरवलं. पण मालक थांबतात कशाचे. दोन टॉवेल पिशवीत टाकून ते घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी ते गेटमधून आत आले तेव्हा केस ओले, शर्ट पाठीला चिकटलेला, कपाळावरचं भस्म ओघळून भुवईत उतरलेलं. ते थेट माझ्या खोलीत आले आणि टॉवेल टेबलावर ठेवला.

"मॅडम, तुमचा टॉवेल लवकर का वाळतो ते मला कळलं."

"का?"

"त्यो भिजतच न्हाय!"

मी बादलीत पाणी घेतलं आणि टॉवेलचा तुकडा कापून त्यावर टाकला. चांगला टॉवेल पाणी पिऊन बुडतो. सॉफ्टनरचा थर बसलेला हा होडीसारखा तरंगत राहिला. मी बोटाने दाबला, तो पुन्हा वर आला. आम्ही दोघं बादलीत वाकून कितीतरी वेळ बघत होतो. मग मालक कानडीत बोलायला लागले आणि बराच वेळ बोलले. शेवट त्यांनी माझ्यासाठी मराठीत केला: ती बाई येऊन जाईपर्यंत खोली चालू ठेवायची, मग मखर परत आत.

"पण फसलं ते कळलं, हेसुद्धा संशोधनच आहे," मी म्हटलं.

"फसलं तरी संशोदन, जमलं तरी संशोदन," ते म्हणाले. "मग तुमी घरी बसला तर त्याला काय म्हणायचं?"

मला वाईट वाटलं. तरंगणारे टॉवेल मी गुंडाळून कोपऱ्यात टाकले आणि कॉलेजात यंदा कंत्राट निघणार का याची चौकशी करायला लागले.

मालकांनी घरी दोन टॉवेल नेले होते हे मी विसरून गेले होते. दुसरा, न वापरलेला, काकूंनी त्याच संध्याकाळी बहिणीला दिला होता. त्यात कसलाही कट नव्हता. धाकटी घरी आली, टॉवेलवरून हात फिरवून म्हणाली, "अक्का, किती मऊ गं!" काकू म्हणाल्या, "घेऊन जा. झटपट वाळतोय म्हणे." झालं. धाकटीच्या घरी तो टॉवेल न्हाणीघरापर्यंत पोचलाच नाही. साडूंनी तो वाटेतच घेतला.

त्यानंतर काही आठवड्यांनी, दुपारी, आमच्या ऑफिसचं दार धाडकन उघडलं. मी कसल्याशा बिलावर सही घ्यायला तिथेच उभी होते. आत साडू. उंच, गोरे, एरवी अत्तर लावून फिरणारे गृहस्थ. त्या दिवशी त्यांना घामाच्या धारा लागल्या होत्या. त्यांनी मालकांच्या टेबलावर टॉवेल आपटला. फासे आखूड, वीण सैल, आणि लोण्यासारखा मऊ.

"हे काय हाय?" साडूंनी विचारलं.

मालकांनी टॉवेल उलटसुलट केला. "तुमचा टॉवेल हाय, साडूभाऊ. तुमचा शिक्का हाय की."

"माझा कुटला? तुमचाच! पाणी पुसत न्हाय!"

हळूहळू सगळं बाहेर आलं. साडूंनी आमच्या टॉवेलची हुबेहूब नक्कल केली होती, सॉफ्टनरसकट. मग 'झटपट वाळणारा' म्हणून तो माल अक्कलकोटच्या लॉजवाल्यांना दिला होता. देवदर्शनाला आलेली माणसं आंघोळ करून अंग पुसायला लागली तर पाणी नुसतं इकडून तिकडे सरकत होतं. एका लॉजमध्ये म्हणे एक अख्खं कुटुंब ओलेत्याने खाली उतरून व्यवस्थापकासमोर उभं राहिलं होतं. सगळा माल परत आला होता. टेम्पो आत्ता समोर उतरत होता.

मालकांनी हे सगळं गंभीरपणे ऐकलं. त्यांच्या मिशा थरथरत होत्या, ते मला दिसत होतं.

"म्हंजे तुमी आमचा टॉवेल चोरला," ते शांतपणे म्हणाले, "आन् त्यो खराब निगाला म्हणून आमच्याकडं तक्रार घेऊन आला?"

"मग कुणाकडं जाऊ?" साडू ओरडले. "तुमी एवढी मॅडम ठेवलीया, खोली केलीया, पाटी लावलीया! नीट तपासून ठेवाय नको?"

एवढं झाल्यावर मात्र मालकांचा बांध फुटला. ते हसायला लागले ते खुर्चीतून घसरेपर्यंत. खोकल्याची उबळ आली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि पुसायला त्यांनी सवयीने समोरचाच टॉवेल उचलला. ते पाणी गालावर पसरलं. मग साडूही हसायला लागले, आधी रागाने, मग खरंच.

हसू ओसरल्यावर मालक खिडकीतून समोर उतरणारा टेम्पो बघत बसले. गठ्ठ्यामागून गठ्ठा येत होता.

"मॅडम," ते म्हणाले, "त्यो टॉवेल तुमच्या खोलीतच अडकला नसता तर ह्यो टेम्पो आपल्या गेटात असता. व्हय का न्हाय?"

"व्हय," मी म्हटलं. हेच ऐकायची मी इतके महिने वाट बघत होते. मी लगेच साडूंकडे वळले. "तुम्हाला आमचं तपासून हवंय ना? मग निम्मा खर्च तुम्ही द्या."

दोघंही माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी दोघांचे संसार मोडायला निघाले आहे. "त्याला कशाला सांगायचं?" मालक. "ह्याला का म्हणून द्यायचे?" साडू. पुढचं भांडण कानडीत झालं. ते मिटवलं बहिणींनी. काकूंनी रविवारी दोघांना जेवायला बसवलं, भाकरी आणि शेंगाचटणी वाढली आणि सरळ सांगितलं: नाहीतरी टॉवेल एका घरातून दुसऱ्या घरात जायचाच आहे, तर चोरून कशाला जायचा. आधी सहा महिने टॉवेल दोघांनी विकायचा, मग बाकीच्यांना काय नक्कल करायची ती करू दे. कॉलेजात मी जे फळ्यावर लिहायचे त्यापेक्षा हे जास्त उपयोगी होतं.

खोलीला दोन कुलपं लागली. एक किल्ली मालकांकडे, एक साडूंकडे. सकाळी दोघं येईपर्यंत मी व्हरांड्यात डबा घेऊन उभी. पाटी मात्र आता नवी आली, कारण साडूंना 'विलास' हे नाव मालकांच्या चुलतभावाचं वाटलं आणि त्यात त्यांना डाव दिसला.

आम्ही सॉफ्टनर जवळजवळ काढून टाकलं. मऊपणा सुतातूनच आणायचा म्हणून चांगला कापूस घेतला. वीण पुन्हा बदलली. पुष्कळ तुकडे तरंगले, काही अर्धवट बुडाले. आणि एका दुपारी मी नवा तुकडा बादलीत टाकला तर तो पाण्याला टेकतो न टेकतो तोच सरळ तळाला गेला. दोन्ही मालक बादलीवर वाकलेले होते. त्यांनी लहान मुलांसारखी आरोळी ठोकली.

"बुडाला! बुडाला!"

"पुरता बुडाला की!"

मी पुन्हा टाकला. "ह्योबी बुडाला!"

खिडकी उघडी होती. खाली गेटपाशी सूतवाल्यांचा माणूस चहा घेत उभा होता. त्याने एवढंच ऐकलं की दोघंही मालक बुडाले. संध्याकाळपर्यंत एमआयडीसीभर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक ओळखीचे कारखानदार पडलेल्या चेहऱ्याने आले, मालकांचा हात हातात घेऊन बसले, देवाच्या मनात असेल तसं होतं म्हणाले, आणि मग हळूच विचारलं की ते नवे लूम काय भावाने काढणार. साडूंकडे दोघं जण जमीन बघायला आले. धाकटीला तर माहेरून फोन आला की रडू नकोस, गावाकडे शेत आहे. मालक खुलासा करून थकले. शेवटी ते येणाऱ्या प्रत्येकाला खोलीत आणून बादली दाखवायला लागले.

ती परदेशी बाई पुन्हा आली तेव्हा खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. मी घाबरत घाबरत यंत्रं दाखवली. तिने विचारलं, यातलं फसलेलं काही आहे का? एजंट भाषांतर करताना अडखळला. त्याला वाटलं विषय टाळावा. पण मालकांनी जुना टॉवेल आणला, बादलीत तरंगवला आणि अक्कलकोटच्या लॉजची सगळी हकीकत हावभावांसकट सांगितली. बाई हसली. साडू मागे उभे राहून लाल झाले. तिने मोठी ऑर्डर दिली नाही. एक लहानशी दिली, बघू म्हणाली. ती ऑर्डर वेळेत गेली, आणि पुढची जरा मोठी आली.

गेल्या वर्षी उद्योजकांच्या बैठकीला एक सरकारी अधिकारी आले होते. उद्योगांनी संशोधनावर खर्च वाढवावा, हा विषय. पडद्यावर त्यांनी योजना दाखवल्या, सवलती दाखवल्या, परदेशांचे आलेख दाखवले. सभागृहातले लोक मान हलवत होते आणि बिस्किटं खात होते. शेवटी त्यांनी विचारलं, इथे कुणी स्वतःचं संशोधन करतं का? मालक उभे राहिले. मी त्यांना दोन पानांचं भाषण लिहून दिलं होतं. ते त्यांनी खिशातून काढलं, बघितलं, पुन्हा खिशात ठेवलं.

"मी करतोय," ते म्हणाले. "लई खर्च यतोय. निम्म्या टायमाला फसतंय. पण फसलेलं खोलीतच ऱ्हातंय, बाजारात जात न्हाय. बाजारात गेलं की काय होतंय ते आमच्या साडूभाऊंना इचारा." आणि बसले.

चहाच्या वेळी अधिकाऱ्यांच्या टेबलापाशी कुणीच नव्हतं. सगळा घोळका साडूंभोवती. ते लॉजची गोष्ट सांगत होते. त्यात आता तीन लॉज होते, आणि ओलेत्याने उतरणारं लग्नाचं एक सबंध वऱ्हाड. अधिकारी एकटेच कप हातात घेऊन ऐकत उभे होते आणि मधून मधून काहीतरी टिपून घेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हरांड्यात खुर्ची टाकून कुलपं उघडायची वाट बघत होते. तेव्हा चादरीचा कारखाना असलेले एक वयस्कर गृहस्थ आले. घोळक्यात ते सगळ्यात मागे होते. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं, दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं, आजारी पोराला डॉक्टरकडे आणावं तसं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, आमच्या चादरीचा लाल रंग धुताना जातोय. बघता का?"

"बघू की. कधीपासून जातोय?"

त्यांनी जरा विचार केला.

"आजोबांपासून."

मी त्यांना माझी खुर्ची दिली आणि बसा म्हटलं.